सुई की थेंब: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पहिल्या संध्याकाळी किती दिसतं?

आर्णी तालुक्यातून तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. आईचं वय ६८, शुगर आहे, उजव्या कानाने कमी ऐकू येतं. दोन महिन्यांपूर्वी शिबिरातून नेऊन उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्याजवळ भुलीची सुई देऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली तर सगळं धुरकट आणि पापणी अर्धी मिटलेली. काकूंचं त्याच आठवड्यात नागपूरला झालं, डोळा बधिर करणाऱ्या नुसत्या थेंबांवर, आणि त्या संध्याकाळीच टीव्हीखाली सरकणारी बातम्यांची पट्टी वाचत बसल्या. तुमचे प्रश्न दोन. सुईने आईची नस दबली का? आणि आता डाव्या डोळ्याला थेंबांचाच आग्रह धरायचा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच जाता जाता लिहून टाकलंय. आई नवा चष्मा लावून तांदूळ निवडते म्हणालात. डावा डोळा हाताने झाकूनही तिला तांदळातला खडा दिसत असेल, तर नस दबलेली नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण हा हिशेब गावोगाव चुकीचा मांडला जातो. मी या भागात २२ वर्षं मोतीबिंदू काढतोय. ‘सुईवालं हलकं, थेंबावालं भारी’ हे मी एसटी स्टँडवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि एकदा तर माझ्याच ओपीडीबाहेरच्या बाकावर, माझ्याच पेशंटकडून. भूल कोणती यावर पहिली संध्याकाळ ठरते, फार तर दुसरी सकाळ. महिन्याने तक्त्यावरची कोणती ओळ वाचता येणार हे भूल ठरवत नाही.

आधी सुईचं बघू. आम्ही तिला ब्लॉक म्हणतो. खालच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूने, हाडाच्या कडेने सुई जाते आणि डोळ्याच्या भोवताली साधारण ५ ते ८ मिली औषध सोडलं जातं. त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध असतं, बहुतेक वेळा जोडीला बुपिवाकेन आणि औषध लवकर पसरावं म्हणून हायलुरोनिडेज. मग दहाएक मिनिटं डोळ्यावर हलका दाब. या औषधाला फक्त दुखणं थांबव असं सांगता येत नाही. ते जिथे पोचतं तिथली प्रत्येक नस झोपवतं. डोळा हलवणारे स्नायू थांबतात, पापणी मिटेनाशी होते, उघडेनाशी होते, आणि पाहण्याची मुख्य नस, जी डोळ्याच्या मागून मेंदूकडे जाते, तीही कमीअधिक झोपते.

मागे दारव्ह्याकडचे एक आजोबा टेबलावर होते. ब्लॉक देऊन झाला, मायक्रोस्कोपचा दिवा थेट डोळ्यावर घेतला, मी चीर द्यायच्या तयारीत. आणि ते अगदी शांतपणे विचारतात, “डाक्टरसाब, लाइन गेली काय?” आपल्याकडे लाइन जाणं इतकं सवयीचं, की त्यांना भीतीसुद्धा वाटली नाही. सिस्टर म्हणाल्या, “नाही बाबाजी, तुमच्या डोळ्याची लाइन आम्हीच काढली. उद्या सकाळी जोडून देतो.” तेव्हापासून मी हेच वाक्य वापरतो, आणि आता ऑपरेशनच्या आधीच वापरतो. सगळ्यांची लाइन अशी पूर्ण जात नाही. कुणाला उजेड दिसत राहतो, कुणाला हाताची सावली दिसते. पण जाऊ शकते, आणि गेली तर ती परत येणारच असते.

किती वेळाने? एकट्या लिग्नोकेनचा असर तास-दोन तासांत ओसरायला लागतो. बुपिवाकेन जोडलं की चार-सहा तास धरा, कधी त्याहून जास्त. आईचं ऑपरेशन सकाळी अकराला झालं असेल तर रात्रीच्या जेवणापर्यंत नस जागी झाली असणार. पण तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. पट्टी का? पापणी झोपलेली, डोळा झाकला जात नाही, पाणी फिरत नाही, वरून धूळ. उघडं ठेवलं तर बुबुळावरची काच कोरडी पडून खरचटते. म्हणून ब्लॉकनंतर रात्रभर पट्टी. थोडक्यात, आईचा डोळा रात्रीच पाहायला लागला होता, फक्त ते कुणी मोजलं नाही. काकूंच्या डोळ्यावर पट्टी नव्हतीच, कारण त्यांची पापणी जागीच होती. म्हणजे तुम्ही ज्याला उशिरा दिसणं म्हणताय, त्यातला बराच भाग पट्टी उशिरा सोडण्याचा आहे.

उरलेला भाग त्या धुरकटपणाचा. तो सुईचा नाही, आणि इथेच खरी गोम आहे.

आपल्याकडे माणूस मोतीबिंदू घेऊन कधी येतो? कापूस वेचून झाला, तूर घरात आली, नातीचं लग्न उरकलं की. मधली दोन वर्षं ‘दिसते थोडं थोडं, चालते’ म्हणून निघून जातात. टेबलावर येतो तेव्हा मोतीबिंदू एक तर दुधासारखा पांढरा, नाही तर गुळाच्या खड्यासारखा तपकिरी आणि तितकाच कठीण. असा गर लहान चिरेतून यंत्राने फोडायचा तर यंत्राची बरीच ऊर्जा डोळ्यात जाते. म्हणून शिबिरातल्या बहुतेक पेशंटना आम्ही हाताने करायचं, लहान चिरेचं, बिनटाक्याचं ऑपरेशन करतो. ६ ते ७ मिलीमीटरचा बोगदा करायचा आणि गर अख्खा बाहेर काढायचा. ऑपरेशन उत्तम आहे, कमी खर्चात होतं, आणि कठीण मोतीबिंदूत तर माझी पहिली पसंती तेच. पण त्यात वरचा स्नायू दोऱ्याने धरावा लागतो, रक्त थांबवायला पांढऱ्या भागावर जरासा डाग द्यावा लागतो, बुबुळाला धक्का लागतो. हे सगळं थेंबांवर सोसणं कठीण. काही सर्जन निवडक पेशंटमध्ये करतात, माझी हिंमत प्रत्येक पेशंटमध्ये होत नाही. म्हणून ब्लॉक.

आणि मोठा, कठीण गर बुबुळाच्या काचेजवळून ओढून काढला की काच एक-दोन दिवस, कधी आठवडाभर सुजते. सुजलेल्या काचेतून जग कसं दिसतं? पावसाळ्यात एसटीच्या खिडकीवर वाफ धरते तसं. आईने धुरकट म्हटलं ते हेच असणार. काकूंचा मोतीबिंदू बहुधा मऊ होता, फेकोने, म्हणजे २-३ मिलीमीटरच्या चिरेतून यंत्राने झाला, काचेला त्रास कमी झाला. थेंबांवर ज्यांचं होतं त्यांचाच मोतीबिंदू बहुतेक मऊ असतो, ते वेळेत आलेले असतात, तेच शहराजवळ राहतात. श्रेय मात्र सगळं थेंबांना जातं. एकाच प्रकारचा मोतीबिंदू, एकच सर्जन आणि एकच पद्धत घेऊन, अर्ध्यांना ब्लॉक आणि अर्ध्यांना थेंब देऊन पाहिलं, तर त्याच दिवशीच्या नजरेत थेंबवाले पुढे असतात, दुसऱ्या दिवशी अंतर जवळजवळ मिटतं, आणि चष्म्याचा नंबर काढायच्या वेळेला कुणाला काय दिलं होतं हे नजरेवरून ओळखू येत नाही. मोतीबिंदूच्या कामाचा दर्जा जगभर मोजतात तोही पहिल्या संध्याकाळवरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना दंडक आहे की ऑपरेशननंतर निदान ८० टक्के डोळ्यांची नजर ६/१८ किंवा त्याहून चांगली हवी, म्हणजे धड डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून तरी दिसायला हवं. कोणती भूल होती, हा प्रश्न त्या मोजणीत येतच नाही.

थेंब हे नवं, आधुनिक काही आहे असाही एक समज आहे. उलट डोळ्याची भूल सुरूच थेंबांनी झाली. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर होतो हे दाखवलं. त्याआधी डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे पेशंटला धरून ठेवणं. सुईचं तंत्र मागून रुळलं. १९३६मध्ये अ‍ॅटकिन्सन यांनी डोळ्यामागे सुई देण्याची रीत मांडली. पेशंटला ‘वर आणि नाकाकडे बघा’ म्हणायचं आणि सुई द्यायची. पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर हेच शिकले, मलाही एका जुन्या सरांनी आधी हेच शिकवलं होतं. पुढे स्कॅनवर दिसलं की वर-आत बघितलं की पाहण्याची नस ताणली जाऊन नेमकी सुईच्या वाटेत येते! आता आम्ही ‘सरळ समोर बघा’ म्हणतो. १९८६मध्ये डेव्हिस आणि मँडेल यांनी सुई डोळ्यामागच्या, स्नायूंनी बनलेल्या शंकूत न नेता बाहेरच ठेवायची पद्धत मांडली, आज खेड्यापाड्यांत जो ब्लॉक देतात तो बहुतेक हाच. आणि १९९२च्या सुमारास, फेकोची चीर लहान झाल्यावर, फिचमन यांनी पुन्हा थेंबांवर ऑपरेशन करून दाखवलं. शंभरेक वर्षांनी गाडी परत पहिल्या स्टेशनवर आली, फक्त कोकेनऐवजी प्रोपॅराकेन घेऊन.

थेंबांवर ऑपरेशन कसं असतं तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं काहीच कळत नाही. प्रोपॅराकेनचे थेंब दोन-तीन वेळा, किंवा लिग्नोकेनची जेली. जेली वापरायची तर आयोडीन आधी घालावं लागतं, नाही तर जेलीचा थर आयोडीनला जंतूंपर्यंत पोचू देत नाही. ही चूक घाईत होते. शिवाय डोळ्याच्या आत बिनसंरक्षकाचं १ टक्का लिग्नोकेन थोडंसं सोडलं की बुबुळ हाताळताना होणारा ताण कमी जाणवतो. स्पर्श कळतो, पाणी वाहिलेलं कळतं, दाब कळतो, कळ मात्र येत नाही. आणि दिसत राहतं. निळं, गुलाबी, पिवळं, हलणारे उजेड. कुणाला गंमत वाटते, वरुडच्या एक आजी म्हणाल्या, “डाक्टर, आत रंगपंचमी चालू हाय.” पण आधी सांगितलं नसेल तर काहीजण घाबरतात, डोकं मागे ओढतात. डॉक्टरच्या हातात तेव्हा काय असतं याचा विचार करा.

संध्याकाळी थेंबवाल्याला लखलखीत दिसतं असंही नाही. बाहुली मोठी करायला घातलेल्या औषधाचा असर पाच-सहा तास, कधी रात्रीपर्यंत राहतो. उजेड डोळ्यात घुसतो, दिव्याभोवती कडं दिसतं. मायक्रोस्कोपच्या दिव्याने पहिला तास-अर्धा तास सगळं गुलाबीसर किंवा अंधारलेलं वाटतं. बधिर करणारे थेंब गरजेपेक्षा जास्त घातले तर बुबुळावरच्या काचेची वरची साल दुखावते, आणि मग थेंबांवर केलेला डोळाच दुसऱ्या सकाळी जास्त खुपतो, जास्त धूसर दिसतो. जाता जाता एक सांगतो, कारण गेल्या वर्षी हे पाहिलं. एका घरात कुणीतरी ही बधिर करायची बाटली मेडिकलमधून आणून ‘दुखू नये म्हणून’ रोज घातली. या थेंबांना दवाखान्याबाहेर जागा नाही. चार-आठ दिवसांत बुबुळावर जखम होते आणि बधिर असल्यामुळे ती कळतही नाही.

मग पहिल्या संध्याकाळी दिसणं ही नुसती हौस आहे का? नाही. एका माणसासाठी तीच संध्याकाळ सगळ्यात मोठी असते, आणि हे मला पुस्तकाने नाही, माझ्या चुकीने शिकवलं.

सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या दवाखान्यात होतो तिथे सगळ्यांना सरसकट ब्लॉक आणि सरसकट पट्टी. धारणीच्या बाजूचे एक बाबा आले होते. डावा डोळा लहानपणीच गेलेला. पऱ्हाटी उपटताना काडी लागली होती. उजव्याला मोतीबिंदू, तोच एक डोळा. मी ब्लॉक दिला, ऑपरेशन सुरेख झालं, पट्टी लावली आणि दुसऱ्या वॉर्डात राउंडला निघून गेलो. त्या माणसाला त्या रात्री काहीही, अगदी काहीही दिसत नव्हतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एका डोळ्याने साठ वर्षं काढलेला माणूस कुणाला उठवत नाही. रात्री दोनच्या सुमारास लघवीला म्हणून भिंत चाचपत निघाले. वॉर्डाच्या दाराला दोन पायऱ्या होत्या. पडले, कपाळ फुटलं, चार टाके. डोळ्यावर पट्टीवरून कडक प्लास्टिकची वाटी होती म्हणून डोळा वाचला. सकाळी पट्टी सोडली, त्यांना माझं तोंड दिसलं, आणि ते मलाच म्हणाले, “तुमी कायले रडवेले झाले?”

तेव्हापासून एकच डोळा असलेल्या माणसासाठी माझा क्रम वेगळा आहे. जमण्यासारखा मोतीबिंदू असेल तर थेंब. पट्टी नाही, पारदर्शक वाटी, म्हणजे ऑपरेशनवरून उठताना तो स्वतःच्या पायाने, स्वतःच्या नजरेने उठतो. मोतीबिंदू कठीण असेल आणि थेंबांवर भागणार नसेल तर बोथट नळीची पद्धत. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला बारीक छेद देऊन, बोथट टोकाच्या वाकड्या नळीने आतल्या थराखाली औषध सोडायचं. सुई नाही, थेंबांपेक्षा दुखणं कमी. तिला सब-टेनॉन म्हणतात. तिनेही नस काही तास झोपू शकते, म्हणून अशा पेशंटला मी बुपिवाकेन वगळून नुसतं लिग्नोकेन देतो आणि नाव यादीत सगळ्यात वर घालतो. सकाळी नऊला झालं तर दुपारच्या जेवणाला उजेड परततो, रात्र आंधळी जात नाही. आणि खाटेशेजारी नातेवाईक हवाच.

रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनाही थेंब बरे, कारण सुई आत गेलीच नाही तर आतल्या आत रक्त साकळायचा प्रश्न नाही. मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. हृदयाला जाळी बसवलेल्या माणसाने हे केलेलं पाहून माझेच ठोके चुकले होते. मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांब असतो, सुई लागायचा धोका तिथे जास्त; मी अशांना शक्यतो सुई टाळतो. सुईने डोळ्याला भोक पडणं, मागे रक्तस्राव होणं, नसेलाच इजा होणं, या गोष्टी घडतात, पण फार क्वचित. आणि घडल्या तर दुसऱ्या सकाळी चित्र धुरकट नसतं, काळं असतं, आणि दिवसागणिक सुधारत नाही. पट्टी सोडल्यावर डॉक्टर बॅटरीचा झोत बाहुलीवर टाकतो तो नुसता रिवाज नाही. नस जागी आहे की नाही हे बाहुली सांगते.

पापणी अर्धी मिटलेली राहणं ब्लॉकनंतर सर्रास दिसतं. बहुतेकांची एक-दोन दिवसांत उचलते, काहींची दोन-चार आठवडे रेंगाळते. एकाचे दोन दिसणं पहिल्या रात्री असू शकतं, कारण स्नायू पूर्ण जागे नसतात. दोन-तीन दिवसांनीही दोन दिसत असतील तर परत जायचं.

थेंब कुणाला नकोत हे तितकंच महत्त्वाचं आहे, आणि इथे तुमच्या आईचा कान आडवा येतो. थेंबांवर पेशंट आमचा जोडीदार असतो. ‘दिव्याकडे बघा’, ‘खाली बघा’, ‘हलू नका’ हे त्याने ऐकायला हवं आणि करायला हवं, चेहऱ्यावर कापड असताना, दहा ते वीस मिनिटं. ज्याला ऐकू येत नाही, ज्याची मान थरथरते, जो स्मृतिभ्रंशामुळे मध्येच उठून बसेल, त्याच्यासाठी थेंब म्हणजे जुगार. मेळघाटातून कोरकू बोलणाऱ्या बाया येतात, गडचिरोलीकडून गोंडी-माडिया बोलणाऱ्या. माझं ‘खाली बघा’ त्यांना काय कळणार? आमच्याकडे कोरकू घरातली एक सिस्टर आहे. ती त्या दिवशी टेबलाशी उभी राहणार असेल तर थेंब, सुटीवर असेल तर ब्लॉक. कागदावर कुठेच नसलेलं हे कारण भुलीची निवड ठरवतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

बिडीच्या खोकल्याचं वेगळं. खोकला ब्लॉकने थांबत नाही आणि थेंबांनीही. तिथे आधी छातीचं बघायचं, मग डोळ्याचं.

आता पहिल्या दिवसांत घरी काय बघायचं. धुरकटपणा रोज थोडा कमी होत गेला पाहिजे, सकाळी जास्त आणि दुपारी कमी असा असला तरी चालेल. सुजलेली काच रात्रभर मिटलेल्या डोळ्यात जास्त फुगते. दुसरा डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं, कालच्यापेक्षा आज आकडे बरे दिसतात का एवढंच. त्याच संध्याकाळी कपाळ दुखून मळमळ, उलटी झाली तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो, रात्र काढू नका, फोन करा. आणि सगळ्यात घातक म्हणजे बरं दिसत असताना दोन-चार दिवसांनी पुन्हा कमी दिसायला लागणं, सोबत ठणका आणि लाली. हा जंतुसंसर्ग असू शकतो, त्यात तास मोजावे लागतात. मग सोयाबीन कापायचंय, उद्या जाऊ, असं म्हणू नका. गाडी करा आणि निघा. सुईवाला असो की थेंबवाला, दोघांनाही हे सारखंच लागू.

तुमच्या आईच्या डाव्या डोळ्याबद्दल. तो मोतीबिंदू अजून कितपत आहे हे तुम्ही लिहिलं नाही. ‘आणखी पिकू दे, मग काढू’ असा विचार असेल तर सोडा. पिकू दिलात तर भूल कोणतीही असो, पहिली सकाळ पुन्हा धुरकटच जाईल. तो मऊ असतानाच फेकोने झाला तर थेंबांवर व्हायला हरकत नाही. डावा कान चांगला आहे असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, तर त्या बाजूने मोठ्याने, ओळखीच्या शब्दांत सूचना द्यायला सांगा, आणि आदल्या दिवशी घरीच सराव करा. उताणं झोपवायचं, तोंडावर ओढणी टाकायची, पंधरा मिनिटं न हलता पडून राहता येतं का बघायचं. आमच्याकडे आम्ही वॉर्डात हे करून घेतो आणि त्यातूनच निम्मे निर्णय होतात. आई दहा मिनिटांत उठून ‘पुरे झालं बापा’ म्हणाली तर थेंबांचा हट्ट सोडा आणि डॉक्टरांना सुई देऊ द्या.

थेंबांवर करायचं ठरलं तर शुगरच्या गोळीचं आणि नाश्त्याचं काय ते आधी विचारून घ्या. आमच्याकडे थेंबांच्या पेशंटला उपाशी ठेवत नाहीत, प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी असते. शुगरमुळे डोळ्यामागच्या पडद्यावर सूज आहे का याची तपासणी ऑपरेशनआधीच करून मागा, कारण सगळं नीट होऊनही नजर ज्यामुळे अडते ते बहुतेक वेळा भुलीत नसतं, त्या पडद्यात असतं.

आणि जाताना उजव्या डोळ्याचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. त्यावर ब्लॉक कोणता दिला, कोणती लेन्स कितीच्या नंबरची घातली, दुसऱ्या सकाळी काचेवर सूज किती होती, हे असतं. डाव्या डोळ्याची भूल ठरवताना नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच वाचेल. कार्ड हरवलं असेल तर ज्या दवाखान्यात झालं तिथे जाऊन त्याची प्रत काढून आणा, फक्त ऑपरेशनची तारीख आठवत असली पाहिजे.